शंभराला किती पिते?

सर्बियातल्या आमच्या चाचाक गावात गाडीबद्दल माणूस तीन गोष्टी सांगतो: आधी ती कोणाची होती, आजवर किती धावली, आणि शंभर किलोमीटरला किती पिते. पहिल्या दोन खोट्या असतात हे सगळ्यांना माहीत आहे. जर्मनीहून येणारी प्रत्येक गाडी एखाद्या म्हाताऱ्या डॉक्टरची असते, तो ती फक्त रविवारी चर्चला नेत असे, आणि तिचा काटा एक लाख ऐंशी हजारावर येऊन थांबलेला असतो. त्या जर्मन डॉक्टरांची चर्चं घरापासून फार लांब असावीत. त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. पण ‘शंभराला किती पिते?’ हा प्रश्न मात्र गंभीरपणे विचारतात आणि उत्तर ऐकून गंभीरपणे अविश्वास दाखवतात.

माझा मेहुणा विदोये फरश्या बसवायची कामं घेतो. त्याची गाडी डिझेलची. लांबलचक, मागे दार असलेली, फरश्यांची खोकी वाहून थोडी वाकलेली. त्याचा कुम तियोसाव. त्याचं बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि गाडी पेट्रोलची. सतरा वर्षं जुनी, पण आत अजून नव्या चामड्याचा वास, कारण आत बसण्यापूर्वी बूट झटकावे लागतात. कुम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला आणि पुढे मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेणारा माणूस. आमच्यात सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुमाशी नाही. त्यामुळे ते दोघे बावीस वर्षं फक्त गाड्यांवरून भांडत आले आहेत.

“तुझी ती डबी पेट्रोल पिते की नुसती सांडते रे?” विदोये विचारतो.

“पिते. पण खोकत नाही,” तियोसाव म्हणतो. “तुझी सकाळी सुरू झाली की माझ्या दुकानातली घड्याळं दचकून पाच मिनिटं पुढे जातात.”

“शंभराला साडेपाच!”

“उतारावरून इंजिन बंद करून.”

हे असंच चाललं असतं. पण ऑक्टोबरात विदोयेच्या मुलीला, कोसाराला, नोकरी लागली.

कोसारा एकोणतीस वर्षांची. शिकली नर्सिंग आणि सहा वर्षं एका दाताच्या डॉक्टरकडे फोन उचलत बसली होती, कारण नर्सच्या जागा निघत नव्हत्या. आता निघाली ती इवान्यित्सा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वस्त्यांवर घरोघर फिरणाऱ्या नर्सची. अट एकच, स्वतःची गाडी हवी. सोमवारी दुपारी बारापर्यंत अर्जावर गाडीचा नंबर लिहून द्यायचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार.

गाडीचे अडतीसशे युरो जमले होते. त्यातले एकोणीसशे तिचे. साडेनऊशे बाप देणार होता आणि साडेनऊशे कुम, कारण बाप्तिस्म्याच्या जेवणात तियोसावने उभं राहून शब्द दिला होता की हिची पहिली गाडी अर्धीअधिक माझी. दिलेला शब्द कालांतराने पावहिश्शावर आला होता, पण मोडला नव्हता. दोन गाड्या पाहून ठेवल्या होत्या, एक डिझेल, एक पेट्रोल, किंमत सारखीच. दोन्ही मालक रविवारी संध्याकाळपर्यंत थांबायला तयार होते. थांबायला तयार नव्हते ते हे दोघे.

“माझ्या पैशांनी पेट्रोलची गाडी येणार नाही,” विदोये गुरुवारी रात्री जेवताना म्हणाला.

“माझ्या पैशांनी डिझेलचा धूर निघणार नाही,” तियोसाव म्हणाला. “मूल मी हातावर घेतलंय. त्याच्या फुप्फुसांची जबाबदारी माझ्यावर आहे.”

“ते मूल एकोणतीस वर्षांचं आहे,” कोसारा म्हणाली. “आणि ते इथेच बसलंय.”

कोणी ऐकलं नाही. विदोयेने डिझेलचा हिशोब मांडला, शंभराला साडेपाच. तियोसावने पेट्रोलचा मांडला, लिटरमागे तेरा दिनार स्वस्त, शिवाय दुरुस्ती निम्म्यात. विदोये म्हणाला की दुरुस्ती लागतेच कशाला. तियोसाव म्हणाला की मागच्या वर्षी इंजिनाचा पंप गेला तेव्हा कोण माझ्या दुकानात येऊन रडलं होतं. विदोये म्हणाला, ते कांद्याने. घड्याळाच्या दुकानात कांदा कुठून आला, असं माझ्या बायकोने विचारलं. तेव्हा कोसाराने पाव खाली ठेवला.

“बावीस वर्षं बोलताय. एकदा मोजा. एकच रस्ता, एकच दिवस, टाकी काठोकाठ भरून निघायचं आणि परत येऊन काठोकाठ भरायची. ज्याचा खर्च कमी, ती गाडी घेते. काका मोजतील.”

काका म्हणजे मी. मी शाळेत गणित शिकवतो, आणि आमच्या घराण्यात याचा अर्थ कपाट दारातून आत जाईल की नाही हे मला विचारतात, असा आहे. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि हात मिळवले. आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

नियम मी वहीत लिहिले. रस्ता: चाचाक ते मिलुंकामावशीची वाडी, डोंगरावर, शहात्तर किलोमीटर, आणि परत. मावशी म्हणजे विदोयेच्या आईची बहीण. खिडक्या बंद. वेग सारखा, एकामागे एक. माझं वजन चौऱ्याण्णव, कोसाराचं अठ्ठावन्न. म्हणून जाताना मी डिझेलमध्ये, ती पेट्रोलमध्ये, आणि येताना उलट. पुरावा म्हणजे शेवटच्या भरण्याच्या दोन पावत्या, त्या माझ्या हातात द्यायच्या. ड्रायव्हरांनी दारू प्यायची नाही. हा शेवटचा नियम मी माझ्यापुरता लिहिला नव्हता.

शनिवारी सकाळी आठ वाजता स्रेतेनच्या पंपावर दोन्ही टाक्या भरल्या. स्रेतेन तीस वर्षं पंपावर आहे, तो सगळ्या गावाला नंबरप्लेटवरून ओळखतो. त्याने टाकीत तेल दिसेपर्यंत भरलं.

“कशावर पैज आहे?” त्याने मला हळूच विचारलं.

“पोरीच्या नोकरीवर,” मी म्हणालो.

“मग बरं. मला वाटलं काहीतरी गंभीर आहे.”

इवान्यित्सापर्यंत सगळं शास्त्रोक्त झालं. तिथे कॉफीला थांबलो. कॉफी संपत आली तसे दोघेही खुर्चीच्या टोकाशी सरकले. आमच्याकडे चार माणसं टेबलाशी बसली की चौघांच्याही मनात एकच विचार असतो, बाकीच्यांच्या आधी बिल मी कसं देईन. विदोये ‘मोरीकडे जाऊन येतो’ म्हणून उठला. ही फार जुनी चाल आहे, पण तियोसाव त्या वेळी खिडकीतून आपल्या गाडीवर बसलेल्या कबुतराकडे पाहत होता. तो वळेपर्यंत विदोयेने बिल देऊन त्याचा चुरगळून बोळा केला होता आणि राखपात्रात दाबला होता.

“किती झालं?” तियोसावने विचारलं.

“झालं काहीतरी.”

“किती?”

“कुमा, कॉफी पी.”

पाहुण्याने रक्कम पाहू नये म्हणून बिल चुरगळायचं किंवा फाडायचं असतं. माझ्या वडिलांनी आयुष्यात एक बिल अखंड ठेवलं नाही. तियोसावचा चेहरा पडला. पुढचे तीस किलोमीटर तो आमच्या मागे इतक्या अपमानित अवस्थेत गाडी चालवत होता की आरशातूनही दिसत होतं. बिल मी बसल्या जागेवरून वाचलं होतं, पाचशे चाळीस दिनार. दोन्ही गाड्यांमध्ये अख्ख्या प्रवासात जास्तीत जास्त किती फरक पडेल याचा अंदाज मी आदल्या रात्री काढला होता. तो साडेचारशे होता. हे मी वहीत लिहिलं नाही.

मिलुंकामावशीने आधी चमचाभर क्विन्सचा मोरंबा आणि पाणी दिलं, मग राकिया, फळांची घरची कडक दारू. ड्रायव्हरांनी नियम सांगितला. मावशीने ओतलेलं परत बाटलीत ओतायची पद्धत नाही, म्हणून त्यांचे दोन प्याले मी घेतले. पंच म्हणून मला ते भागच होतं. दुसऱ्या फेरीलाही मावशीने नियम विसरून चार ओतले, त्यातले तीन मलाच आले.

जेवण होईपर्यंत कोसाराने मावशीचा रक्तदाब मोजला, मग कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्याचा. त्याने ओरडून वरच्या घरच्यांना सांगितलं तसे तेही बाह्या वर सारून आले. ती परतली तेव्हा तिच्याजवळ कागदावर एक नकाशा होता, पेन्सिलीने काढलेला. वस्तीतली अकरा घरं, दोन घरांमध्ये दोन-दोन, तीन-तीन किलोमीटरचा कच्चा रस्ता.

“काका,” तिने मला बाजूला घेतलं, “रोज हेच करायचंय. दोन किलोमीटर गेले की गाडी बंद. अर्ध्या तासाने पुन्हा दोन किलोमीटर. इंजिन तापायच्या आत बंद. डिझेलला चालेल?”

“नाही चालणार,” मी म्हणालो. सहा प्याल्यांनी माणूस खरं बोलतो. “डिझेलला लांबचा रस्ता हवा. अशा तुकड्यांत धूर गाळणारी जाळी काजळीने भरते. ती बदलायची तर तुझा एक पगार जाईल. वर्षाला वीस हजार किलोमीटर हमरस्त्यावर करणार असतीस तर गोष्ट वेगळी. तू राहणार इथेच, तुझे आठ हजारही होणार नाहीत.”

“मलाही तेच वाटत होतं.”

“मग सांग बापाला.”

“सांगितलं तर म्हणतील, कुमाने पढवलं. पैसे नाही देणार, आणि वर कुमाशी अबोला. मग माझ्या पगारात मी त्यांचं भांडणही पोसायचं?” तिने नकाशा घडी करून खिशात घातला. “पेट्रोलच जिंकू दे म्हणजे झालं.”

प्रश्न असा होता की मोजणीत पेट्रोल जिंकेल असं मला वाटत नव्हतं. लांबच्या मोकळ्या रस्त्यावर डिझेलच कमी पिणार. आम्ही चुकीच्या रस्त्यावर बरोबर मोजत होतो. हे मी तिला सांगितलं नाही, कारण तिने एवढ्यात मावशीकडे बोट दाखवलं. मावशी डिकी भरत होती.

मिलुंकामावशीच्या दारातून गाडी रिकामी गेलेली कोणाला आठवत नाही. विदोयेच्या गाडीत बटाट्यांची दोन पोती आणि कोबीचे सहा गड्डे चढले होते.

“मावशी!” तियोसाव धावत आला. “समान वजन! नियम आहे!”

“समान कसं होईल, बाबा? त्याची डिकी मोठी आहे.”

“मग त्याच्यातलं काढा!”

“चढवलेलं काढू?” मावशी छातीवर हात ठेवून म्हणाली. “माझ्या मेलेल्या नवऱ्याने पाहिलं तर काय म्हणेल?”

शेवटी तराजू आणला आणि तियोसावच्या गाडीतही तेवढंच भरलं. त्यातलं निम्मं मागच्या सीटवर, वर्तमानपत्र अंथरून. प्रत्येकी एकसष्ट किलो. मी सही केली. इंजिनं सुरू झाली, तेवढ्यात मावशीने तियोसावच्या खिडकीतून भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी आत सरकवली, कारण तो पाहुणा. विदोयेने करकचून ब्रेक दाबला.

“मलाही बरणी द्या!”

“तुला घरी आहे की!”

“मावशी, शास्त्र आहे हे!”

मावशीची दुसरी बरणी तयार नव्हती. तिने त्याच वजनाचा भोपळा दिला. खरं तर तो बराच जड होता, पण मी काही बोललो नाही. माझ्यासाठी तिने तिसरी फेरी ओतली होती.

परतीचा प्रवास मी तियोसावच्या गाडीत केला.  गुचाच्या फाट्यावर तो म्हणाला, “मोरीकडे जाऊन येतो म्हणे. प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून मोरीकडे जातो तेव्हा हा माणूस आधी दोन मिनिटं सांगत बसतो. मला कळायला हवं होतं.”

सहा वाजता पंपावर पोचलो. दोन गाड्या दोन नळ्यांवर. मी वही उघडली. आकडे मला काट्यावरूनही टिपायचे होते, पण विदोयेने मागचं दार उघडलं आणि मघाच्या ब्रेकने उसवलेलं पोतं सुटलं. पंचवीस किलो बटाटे पंपाच्या उतारावरून हमरस्त्याकडे निघाले. मी आणि कोसारा त्यांच्यामागे. राकियाच्या सात प्याल्यांनंतर बटाटा पकडणं सोपं नसतं. एक बस थांबली, चालकाने खाली उतरून चार आणून दिले.

आम्ही परतलो तेव्हा टाक्या भरल्या होत्या आणि नळ्यांवर दुसऱ्या गाड्या उभ्या होत्या. विदोये आणि तियोसाव पंपाच्या दुकानातून, जिथे पैसे भरतात तिथून, एकाच वेळी बाहेर आले. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता, विजयाचा.

“पावत्या,” मी हात पुढे केला.

तियोसावने उजवी मूठ उघडली. कागदाचे बारीक तुकडे कचऱ्याच्या डब्यात पडले. विदोयेने दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले, त्यातूनही तुकडेच पडले.

“त्याच्या डिझेलचे पैसे मी भरले,” तियोसाव म्हणाला. “कॉफीचं उट्टं.”

विदोयेचा चेहरा बदलला. “काय? तुझ्या पेट्रोलचे मी भरले!”

“कधी?”

“तू त्या टोकाला उभा होतास तेव्हा!”

“आणि पावती?” मी विचारलं.

“फाडली,” दोघे म्हणाले. दोघांनाही माझ्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं.

 मग स्रेतेन दारात येऊन म्हणाला, “मशीनमध्ये नोंद असते. काढून देऊ का?”

“खबरदार!” दोघे एकदम ओरडले.

“निदान आकडा तरी सांगा,” मी म्हणालो. “दोघांनाही एकमेकांचा माहीत आहे.”

विदोयेने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी टोपी न काढता चर्चमध्ये शिरलो. “कुमासाठी किती मोजले ते तोंडाने सांगू? दाजी, तुम्ही शिकलेले ना?”

कोसारा भोपळ्यावर बसली होती. तिच्या कुशीत कोबी होता. “परवा बारा वाजता,” ती कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, “यादीतली पुढची बाई माझी जागा घेईल. तिच्याकडे बहुतेक सायकल असेल, पण कुम नसेल.”

रविवारी सकाळी नऊला विदोये माझ्याकडे आला. बसला, कॉफी ढवळली, साखर न घालता.

“दाजी, मी विचार केला. पोरीला पेट्रोलच घेऊ.”

मी कप खाली ठेवला. “आकडा कमी आला का?”

“आकड्याचं काढू नका. जेवू घालून घास मोजायचे नसतात. ज्या गाडीची टाकी मी भरली तिला नावं ठेवू? लोक म्हणतील, पैसे गेले म्हणून बोलतोय. नाही. पेट्रोलची गाडी उत्तम. शांत चालते.”

साडेनऊला तियोसाव आला. विदोये बसलेला पाहून दारातच थांबला, पण बोलायचं ठरवून आला होता. “मास्तर, मी विचार केला. डिझेलच. मजबूत असतं. डोंगरात ओढतं.”

“कुमा, काय बोलतोस? पेट्रोल!”

“डिझेल! काय ताकद आहे तुझ्या गाडीत! एकसष्ट किलो वर आणि भोपळा, तरी चढावर डगमगली नाही.”

“आणि तुझी? लोण्यातून सुरी! पेट्रोल!”

“मी सांगतो डिझेल!”

टेबलावर मुठी आपटू लागल्या. बावीस वर्षांचं भांडण एका रात्रीत जागा बदलून बसलं होतं आणि आवाज मात्र पूर्वीइतकाच होता. बायकोने कप उचलून घेतले. आता पुन्हा कोणीच पाकीट उघडणार नाही आणि संध्याकाळी दोन्ही मालक गाड्या दुसऱ्याला विकतील, असं मला वाटलं. तेवढ्यात कोसारा आत आली. ती बहुधा काही वेळ जिन्यात उभी होती.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही म्हणता पेट्रोल?”

“पेट्रोल!”

“नक्की? सगळ्यांसमोर?”

“माझा शब्द आहे!” विदोयेने मूठ आपटली.

ती तियोसावकडे वळली. “कुमकाका, तुम्ही डिझेल म्हणता. पण बाबांनी शब्द दिलाय. बापाचा शब्द मी मोडू का? तुम्हीच सांगा.”

  तियोसावच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं ते लपवायला त्याने खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. “बापाचा शब्द,” तो रुमालामागून म्हणाला, “मोडायचा नसतो, पोरी. मी हार मानतो.” आणि त्याच खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. साडेनऊशे.

विदोये अजून मूठ टेबलावर ठेवून बसला होता. आपण जिंकलो हे त्याला कळत होतं. काय जिंकलो ते कळायला थोडा वेळ लागला. पण शब्द दिला होता, आणि कुमाने हार मानली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने पाकीट काढलं आणि नोटा दोनदा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजू लागला तेव्हा कोसाराने त्या त्याच्या हातातून हळूच काढून घेतल्या.

“लहानशी आहे गाडी,” ती मला नंतर म्हणाली. “डिकीत माझी बॅग आणि एक कोबी मावतो. तेही मी बघूनच घेतलं.”

सोमवारी आठला नोटरी, अकरा चाळीसला अर्जावर नंबर. बाराला आम्ही सगळे स्रेतेनच्या पंपावर, कारण जुन्या मालकाने टाकीत वासापुरतं पेट्रोल ठेवलं होतं. कोसारा भरून आत गेली. विदोये आणि तियोसावने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघेही दुकानाकडे धावले. विदोयेचा गुडघा दुखतो, तियोसावला दम लागतो, त्यामुळे दारात दोघे बरोबरच पोचले आणि अडकले.

“बाजूला व्हा जरा,” आतून कोसारा म्हणाली. “दिले मी.”

ती बाहेर आली. हातात पावती होती, आणि ती तिने फाडली नाही. चुरगळलीही नाही. दोन्ही म्हाताऱ्यांनी नजर दुसरीकडे वळवली, कोणी चारचौघांत कपडे बदलत असल्यासारखी.

“शंभराला किती पिते?” स्रेतेनने विचारलं.

“अजून माहीत नाही,” ती म्हणाली, “पण महिन्याभरात सांगेन,” आणि पावती माझ्या हातात दिली. सत्तावीसशे साठ दिनार. मी वही काढली आणि पहिल्या कोऱ्या पानावर आकडा उतरवून घेतला.